तीन फोटो, एक खोरं

मैत्रिणींनो, महाबळेश्वरला तुमच्यापैकी बहुतेकजणी जाऊन आल्या असतील. कुणी लग्नानंतर लगेच, कुणी मुलांच्या सुट्टीत, कुणी भिशीच्या मैत्रिणींबरोबर. तिथून आणलेले फोटोही घरात असतीलच. एकदा ते काढून बघा बरं! बरेचसे असे निघतील, की आकाश छान निळं, पण खालची दरी काळीठिक्कर. नाहीतर दरी, झाडं, आपली माणसं सगळी व्यवस्थित, आणि वर आकाशाच्या जागी नुसता पांढरा कागद. "प्रत्यक्षात इतकं सुंदर होतं, फोटोत काही आलंच नाही," असं म्हणून आपण अल्बम मिटतो.

मीही आजवर तेच म्हणत आले. पण गेल्या डिसेंबरात मला तिथून असा एक फोटो आणायचा होता, की 'आलाच नाही' म्हणून चालणार नव्हतं. त्याचीच ही हकिगत.

माझ्या सासूबाईंचं माहेर वाईच्या वर, कृष्णेच्या खोऱ्यात. माहेर म्हणायचं, पण तिथे आता गाव नाही. सत्तरच्या दशकात धोम धरणाचं काम झालं, पाणी चढत गेलं आणि खोऱ्यातल्या कित्येक घरांबरोबर त्यांचंही घर पाण्याखाली गेलं. त्यांचं लग्न त्याआधीच होऊन त्या सांगलीला आल्या होत्या. भाऊ-भावजया मिळालेल्या जमिनीवर दुसरीकडे राहायला गेल्या. आमच्या सांगलीच्या घाटाला लागून वाहते तीही कृष्णाच. आयर्विन पुलावरून जाताना सासूबाई पहिली काही वर्षं नदीकडे बघतच नसत, असं आमच्या मोठ्या जाऊबाई सांगतात. मी या घरात आले तोवर ते सगळं निवलं होतं. माहेरचा विषय निघाला, की "तिथं काय आता, पाणी," एवढंच म्हणून त्या उठून जायच्या.

यंदा त्यांना पंचाहत्तरावं लागलं. गुडघे दुखतात आणि घाटात गाडी लागते, म्हणून आमच्याबरोबर यायला त्या तयार नव्हत्या. निघायच्या आदल्या रात्री मी दशम्यांचं पीठ मळत होते, तेव्हा आपणहून जवळ येऊन बसल्या.

"महाबळेश्वरला चाललाच आहात, तर नाकेखिंडीत जा. तिथनं आमचं खोरं दिसतं. गाव राहू दे, ते गेलंच. पण गावाच्या डोक्यावर कमळगडाची एक सोंड उतरत यायची. तिच्यावर आमची गुरं चरायची. तेवढी सोंड दिसती का बघ. दिसली तर फोटो आण."

नाकेखिंड म्हणजे आपण ज्याला केट्स पॉइंट म्हणतो तो. महाबळेश्वरहून पाचगणीच्या रस्त्याला लागलं, की आत वळायचं. शेजारीच नीडल होल आहे. कड्याला आरपार भोक पडलेलं आहे आणि लांबून तो हत्तीच्या माथ्यासारखा दिसतो. बहुतेक लोक तिथे उभे राहून फोटो काढतात आणि कणीस खाऊन परत फिरतात. मीही लग्नानंतर तेच केलं होतं. समोर धोमचं पाणी आहे आणि त्याच्या पलीकडे कमळगड आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

मोठ्या दिरांचा मुलगा कॉलेजात आहे. फोटोग्राफीचं त्याला वेड. त्याचा चांगला कॅमेरा आणि तीन पायांचा स्टँड त्याने माझ्या हवाली केला आणि म्हणाला, "काकू, एक काम कर. प्रत्येक देखाव्याचे तीन फोटो काढायचे. एक नेहमीसारखा, एक अंधारा, एक उजळ. स्टँड हलवायचा नाही. बाकीचं आपण घरी आल्यावर बघू." मला वाटलं, एकाच जागेचे तीन-तीन फोटो कशाला? पण परक्याची वस्तू हातात, म्हणून मान डोलावली.

कराड, सातारा करत आम्ही वाईला पोचलो. ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं आणि पसरणीचा घाट चढून वर गेलो. घाटातल्या एका वळणावर ह्यांनी गाडी थांबवली. खाली वाई दिसत होती आणि तिच्या वरच्या अंगाला लांबवर पाण्याची चकाकी. "ते धोम," हे म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. आजोळ त्यांनीही कधी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर येतायेता आम्ही केट्स पॉइंटवर होतो. महाबळेश्वरची उंची सुमारे साडेचार हजार फूट. डिसेंबरातली सकाळ, त्यात कड्यावरचा वारा. दोन शाली गुंडाळूनही बोटं वळत नव्हती. पण समोरचं दृश्य बघून थंडी विसरले. उजव्या अंगाने सूर्य वर आलेला, आकाश केशरी होऊन कडेला निळं होत गेलेलं. कमळगडाच्या माथ्यावर ऊन पडलेलं. आणि त्याच्या खाली सगळं खोरं अजून सावलीत, विरळ धुक्यात. मधोमध धोमचं पाणी पितळी ताटासारखं चमकत होतं. डोळ्यांना सगळं दिसत होतं. सावलीतली शेतं, बांध, पाण्यात उतरलेल्या डोंगराच्या सोंडा. सोंडा मात्र एक नव्हे, तीन होत्या. त्यातली आमची कुठली?

आधी मोबाईलवर फोटो काढला. मग पुतण्याने सांगितल्याप्रमाणे स्टँड रोवला आणि तीन-तीनच्या हप्त्याने काढत गेले. वाऱ्याने स्टँड थरथरायला लागला, तेव्हा ह्यांनी आमची पाण्याची पिशवी त्याच्या मधल्या आकड्याला अडकवली. वजन आल्यावर तो गप्प उभा राहिला.

घरी आल्याबरोबर सासूबाईंनी चष्मा पुसून घेतला. मी उत्साहाने मोबाईल पुढे केला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे गं. पण लांब आहे सगळं. राखेत काढल्यासारखं." मग मी कॅमेऱ्यातले दाखवले. नेहमीच्या फोटोत आकाश अर्धं विटलेलं, सोंडा अर्ध्या बुडालेल्या. अंधाऱ्यात आकाश सुरेख, पण खोरं म्हणजे नुसता कोळसा. उजळ फोटोत खोरं सगळं दिसत होतं, अगदी बांधावरची झाडंसुद्धा. पण आकाश चुन्याच्या भिंतीसारखं, आणि कमळगडाचा माथा त्या चुन्यात विरघळलेला.

"माथ्यावाचून सोंड कशी ओळखू मी?" सासूबाई म्हणाल्या. "माथा बघायचा आणि तिथनं खाली यायचं, तवा आमची सोंड."

तेव्हा मला पुतण्याच्या तीन फोटोंचा अर्थ लागला. माथा एका फोटोत होता, सोंड दुसऱ्यात. दोन्ही एका ठिकाणी आणायला हवं होतं.

आता असं का होतं, ते सांगते. भर दुपारी स्वयंपाकघरात उभ्या राहून मागच्या अंगणातल्या दोरीवरचे कपडे बघा. ते तुम्हाला स्पष्ट दिसतात, आणि ओट्याखालचा डबाही दिसतो. पण दोन्ही एकदम दिसत नाहीत. आपण बाहेर बघतो तेव्हा डोळ्याची बाहुली बारीक होते, आत बघतो तेव्हा मोठी होते. नजर सारखी आत-बाहेर करत असते, आणि त्या तुकड्यांचं एक चित्र मन बनवतं. कॅमेऱ्याला ही सोय नाही. तो एका क्षणी एकाच मापाने प्रकाश घेतो. ते माप आकाशाला बेतलं, तर दरी काळी. दरीला बेतलं, तर आकाश पांढरं. म्हणून तीन मापांनी तीन फोटो घ्यायचे आणि प्रत्येकातला चांगला भाग उचलून एक फोटो करायचा. फोटोग्राफर मंडळी तीन फोटो काढण्याला ब्रॅकेटिंग म्हणतात आणि जोडण्याला ब्लेंडिंग.

हे खूळ आजचं नाही बरं का! गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा एक फ्रेंच फोटोग्राफर होता. त्या काळच्या काचेच्या प्लेटा निळ्या रंगाला फार लवकर पकडत, त्यामुळे समुद्र नीट यायचा तोवर आकाश पांढरंफटक होऊन जायचं. त्याने काय करावं? काही चित्रांत समुद्राची एक काच आणि आकाशाची दुसरी काच घेऊन दोन्ही एकाच कागदावर छापल्या, क्षितिजाच्या रेषेवर सांधा जुळवून! फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सेट या गावी १८५७ मध्ये त्याने काढलेली लाटेची छायाचित्रं आजही नावाजली जातात. आजच्या मोबाईलमध्येही हेच काम आपोआप होतं. आपण बटण एकदा दाबतो, तो आत तीन-चार फोटो घेऊन जोडून मोकळा होतो. मग मला माझ्या मोबाईलचा फोटो का पुरला नाही? कारण आपल्याला कुठला भाग महत्त्वाचा, हे त्याला ठाऊक नसतं. तो सगळं सारखं करून टाकतो.

तर एका रविवारी जेवणं आटोपल्यावर पुतण्या संगणक घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला आणि मला शिकवायला लागला. गिम्प नावाचा एक प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात तिन्ही फोटो एकावर एक थर म्हणून ठेवायचे. सर्वांत खाली नेहमीचा, त्यावर उजळ आणि सर्वांत वर अंधारा. स्टँड हलला नव्हता, त्यामुळे डोंगराच्या रेषा रेषेवर बसल्या. मग वरच्या दोन्ही थरांना 'मास्क' द्यायचा. मास्क म्हणजे रांगोळीच्या छापासारखी गोष्ट. छापाला जिथे भोक, तिथूनच रांगोळी खाली पडते. तसं मास्कवर जिथे पांढरा रंग, तिथे त्या थरातला फोटो दिसतो. जिथे काळा, तिथे तो झाकला जाऊन खालचा दिसतो. आणि करडा रंग दिला, तर थोडा वरचा, थोडा खालचा. चुकलं तरी मूळ फोटो खराब होत नाही, नुसता रंग बदलायचा. शिवणात चुकलेली टीप उसवता येते तसंच.

उजळ फोटो मी आधी सगळा काळ्याने झाकला आणि मऊ, फिकट कुंचल्याने फक्त खोऱ्यावरून पांढरा फिरवत गेले. कोळशातून हळूहळू बांध निघाले, झाडं निघाली, सोंडा निघाल्या. मग अंधाऱ्या फोटोतलं आकाश वरून खाली विरत आणलं. पहिल्या खेपेला हात जड पडला. डोंगराच्या कडेने जरीच्या काठासारखी पांढरी किनार उमटली. पुतण्या हसला. "काकू, सगळे नवशिके हेच करतात. कडेला कुंचला लहान घे आणि थोडं-थोडं कर." जवळच्या झाडाची फांदी वाऱ्याने तिन्ही फोटोंत वेगळ्या जागी होती, ती जोडल्यावर भुतासारखी तिहेरी दिसायला लागली. तेवढ्या जागी एकाच फोटोतली फांदी ठेवली. अंधाऱ्या फोटोत नेमकी एक घार आली होती. ती आकाशाबरोबर आपसूक आली, ती राहू दिली.

तासाभराने मला माझाच अभिमान वाटला. सगळं दिसत होतं! माथा, सोंडा, शेतं, पाणी. मी सासूबाईंना हाक मारली.

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. कपाळाला आठी. म्हणाल्या, "हे कधीचं?"

"सकाळचं, आई. सूर्य नुकताच वर आला होता."

"मग हे खरं नव्हे. सकाळचं आमच्याकडं ऊन कुठलं? पाचगणीच्या पठाराच्या आड असायचा सूर्य. आधी गडाच्या माथ्यावर ऊन यायचं, मग सोंडेवरनं उतरत-उतरत खाली यायचं. ते अंगणात येईस्तोवर आमची धार काढून, शेणगोठा होऊन जायचा. आई म्हणायची, ऊन सोंडेच्या आंब्यापाशी आलं, की पोरांनो उठा. तू तर सगळीकडं दिवे लावलेस."

मी परत फोटोकडे बघितलं आणि ओशाळले. कड्यावर मी स्वतः डोळ्यांनी सावली पाहिली होती. ती सावली मी उत्साहाच्या भरात पुसून टाकली होती. अंधारात काय आहे ते दाखवता-दाखवता अंधारच घालवला होता.

मग ते काम आम्ही दोघींनी मिळून केलं. त्या शेजारी बसून सांगायच्या, मी कुंचला फिरवायची. "इथं कमी कर. पाण्याकाठी अजून. हां, माथ्याला राहू दे." उजळ थर मी निम्म्याहून फिकट केला. खोरं पुन्हा सावलीत गेलं, पण आता त्या सावलीत बघता येत होतं. एका जागी सासूबाईंनी माझा हात धरला आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"ही. मधली. ही आमची सोंड."

आंबा दिसतो का, ते मी विचारलं नाही. त्यांनी मात्र बोट हळूच खाली आणलं, पाण्याच्या कडेपर्यंत, आणि पाण्यात थोडं आत नेऊन थांबवलं. "इथं घर."

पुतण्याचे डोळे भरून आले असावेत, कारण तो एकदम म्हणाला, "आजी, तुझ्या माहेरच्या देवळाचा तो जुना फोटो आहे ना ट्रंकेत? मी तो इथे बेमालूम बसवून देतो. घरंही दाखवता येतील चार. कुणाला कळणार नाही. हे थर लावले तसाच तोही एक थर."

मला क्षणभर मोह पडला, खोटं कशाला सांगू? म्हाताऱ्या माणसाला तेवढाच आनंद. पण सासूबाईच म्हणाल्या, "नको रे बाळा. ते देऊळ तिथं नाही. उद्या तुझी पोरं बघतील आणि म्हणतील, पणजीचं गाव हाय की अजून. मग आम्ही गाव सोडलं, ते काय खोटं होतं?"

पुतण्या गप्प बसला. त्या दिवशी मला या कामातली मेख कळली. तीन फोटो जोडण्यात लबाडी नाही, कारण ते तिन्ही एकाच जागचे, एकाच सकाळचे. माझ्या डोळ्यांनी जे पाहिलं, तेच कॅमेऱ्याकडून तीन हप्त्यांत वसूल केलं. पण जे तिथे नव्हतंच, ते आणून बसवणं वेगळं. आणि सावली पुसून टाकणं हेही जवळजवळ तसंच, हे मला सासूबाईंनी सांगितल्यावर समजलं.

तो फोटो आम्ही मोठा छापून घेतला. देवघराच्या खोलीत, त्यांच्या पलंगासमोर लावलाय. कुणी आलं, की त्या आधी माथ्यावर बोट ठेवतात, मग मधल्या सोंडेवरून खाली येतात. आमच्या ह्यांनाही एकदा त्यांनी असंच समोर उभं करून दाखवलं. चाळिशीला आलेला माणूस, पण शाळेतल्या मुलासारखे बघत उभे होते. परवा आयर्विन पुलावरून भाजी घेऊन येताना सासूबाईंनी मला रिक्षा सावकाश घ्यायला सांगायला लावलं. कठड्यातून पाणी बघत होत्या.

तुम्हालाही असा एखादा फोटो करायचा असेल, तर माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. स्टँड नसेल, तर कॅमेरा दगडावर किंवा कठड्यावर टेकवा, पण तिन्ही फोटो होईपर्यंत तो हलता कामा नये. बटण दाबतानाही धक्का बसतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. फक्त झडपेचा वेग बदला. माझे तीन फोटो १/६० , १/२५० आणि १/१५ सेकंदाचे होते. म्हणजे अंधाऱ्यात नेहमीच्या साधारण चौथाई प्रकाश आणि उजळ्यात चौपट. बाकी भिंगाचं छिद्र, फोकस आणि रंगाची मांडणी तिन्ही वेळा तीच ठेवा, नाहीतर थर जुळत नाहीत. बऱ्याच कॅमेऱ्यांत ब्रॅकेटिंगची सोय असते, ती लावली की कॅमेरा हे माप आपण होऊन बदलतो. आणि धुकं फार असेल, तर तीन काय नि तेरा काय, फोटो जोडून ते हटत नाही, हेही लक्षात ठेवा.

केट्स पॉइंटला जाल, तर थंडीत सकाळी लवकर जा. पायात चपलेऐवजी बूट घाला आणि मुलांना कठड्यापासून लांब धरा. माकडांपासून खाऊ सांभाळा. येताना स्ट्रॉबेरी घ्यालच. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण त्याआधी दहा मिनिटं समोर बघा. पाणी दिसेल, कमळगड दिसेल. ऊन माथ्यावरून खाली उतरताना दिसेल.

आणि घरात कुणी वडीलधारं माणूस असेल, तर निघण्यापूर्वी एकदा विचारा, "तिथलं तुमच्यासाठी काय बघून येऊ?" मी लग्नानंतरच्या त्या पहिल्या खेपेला हे विचारलं असतं, तर सासूबाईंना तेव्हा घाट चढवला असता. तेव्हा त्यांचे गुडघे बरे होते.